१६ फुटी की २४ फुटी? नागपुरात मोटरबोट घेण्याआधीचं गणित

गोसीखुर्द धरणावरच्या जलपर्यटनाच्या बातम्या सुरू झाल्या, आंभोऱ्याला पूल झाला, रविवारी नागपूरहून तिकडे गाड्यांची रीघ लागायला लागली, आणि बऱ्याच घरांत एक विचार डोकं वर काढू लागला: फार्महाऊस झालं, एसयूव्ही झाली, आता आपली स्वतःची एक बोट का नको? विचार काही वाईट नाही. विदर्भात तलाव आणि धरणं भरपूर आहेत. अडतं ते पुढच्या प्रश्नावर. डीलर १६ फुटी बोट दाखवतो, शेजारीच २४ फुटी उभी असते, आणि घरातलं कोणीतरी म्हणतंच, "घ्यायचीच आहे तर मोठीच घेऊ ना, पुन्हा पुन्हा थोडीच घेणार आहोत?"

गाडी घेताना हा सल्ला चालून जातो. बोटीच्या बाबतीत तो महागात पडतो. का, हे कळायला थोडं गणित, थोडा वाऱ्याचा अंदाज आणि बरीचशी काळ्या मातीची ओळख लागते. या लेखात 'छोटी' म्हणजे १४ ते १७ फुटांची, मागच्या फळीवर इंजिन टांगलेली उघडी फायबरची बोट. असं बाहेर टांगलेलं इंजिन म्हणजे आउटबोर्ड. 'मोठी' म्हणजे २२ ते २६ फुटांची, छत किंवा छोटी केबिन असलेली.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. नागपूरच्या आसपासच्या पाण्यासाठी बहुतेक कुटुंबांना १५ ते १७ फुटांची बोट पुरते, पण ती रुंद आणि उंच काठाची हवी. लोक पैसे मोजतात लांबीसाठी, आणि पाण्यावर उपयोगी पडते रुंदी.

आठ फूट वाढले तर नेमकं काय वाढतं?

१६ वरून २४ फूट म्हणजे लांबी दीडपट झाली. पण बोट काही नुसती लांब होत नाही. तिची रुंदी वाढते, खोलीही वाढते. तिन्ही बाजू दीडपट झाल्या तर आकारमान दीड गुणिले दीड गुणिले दीड, म्हणजे जवळपास ३.४ पट होतं. कागदावरचं हे गणित प्रत्यक्षातल्या वजनाशी बऱ्यापैकी जुळतं. १६ फुटी बोट, तिचं इंजिन, टाकीभर पेट्रोल आणि ट्रेलर मिळून ७०० ते ८५० किलो भरतात. २४ फुटीचं हेच सगळं २३०० ते २७०० किलोंवर जातं.

पुढचे जवळपास सगळे खर्च फुटांवर ठरत नाहीत, किलोंवर ठरतात: इंजिन केवढं लागेल, पेट्रोल किती जळेल, ओढायला कोणती गाडी लागेल, उतरवायला किती माणसं लागतील. "आठ फुटांचाच तर फरक आहे" असं कोणी म्हटलं तर मनातल्या मनात "तिप्पट वजनाचा फरक आहे" असं ऐका.

बोट उलटते कशी?

हा भाग नीट समजून घ्या, कारण छोटी-मोठीचा अर्धा वाद इथेच मिटतो.

बोटीचं आणि आतल्या माणसांचं एकत्र वजन एका बिंदूतून खाली ओढतं. पाणी तिला खालून वर ढकलत असतं. बोट एका अंगाला कलली की त्या बाजूचा जास्त भाग बुडतो, तिथून वर ढकलणारा जोर वाढतो आणि बोट परत सरळ होते. हा जोर मध्यापासून जितका लांब लागेल तितका जास्त उपयोगी, म्हणून रुंदीला एवढं महत्त्व. लांबी तीच ठेवून रुंदी वाढवली तर सुरुवातीचा तोल रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ फूट रुंद आणि ७ फूट रुंद अशा सारख्या लांबीच्या दोन बोटी घ्या: दुसरीचा तोल पहिलीच्या दीडपटीहून जास्त असतो. एका फुटात एवढा फरक! लांब पण अरुंद बोट डोळ्यांना मोठी दिसते, पण काठावर कोणी पाय ठेवला की लगेच कलते. आपल्याकडचे ढिवर, म्हणजे मासेमार, अरुंद डोंगा सहज चालवतात ते पिढ्यान् पिढ्यांच्या सवयीवर. सुटीच्या दिवशी आलेल्या पाहुण्यांना ते जमायचं नाही.

दुसरी गोष्ट काठाची उंची. पाण्याच्या पातळीपासून बोटीच्या वरच्या काठापर्यंत जे अंतर उरतं त्याला फ्रीबोर्ड म्हणतात. माणसं चढत जातात तसं ते कमी होतं. उलटण्याच्या बऱ्याच घटनांत आधी काठावरून पाणी आत येतं आणि मग बोट उलटते. मधली मिनिटं घातक असतात, कारण आत आलेलं पाणी एका जागी बसत नाही. परातीत पाणी घेऊन चालून पाहा. परात जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. बोटीच्या तळात तेच होतं. १६ फुटी बोटीच्या सपाट तळावर नुसतं ५ सेंटीमीटर पाणी साचलं तरी त्याचं वजन अडीचशे किलोंच्या घरात जातं. म्हणजे तीन-चार माणसं, आणि तीही कलत्या बाजूला धावणारी.

तिसरी गोष्ट उभं राहणं. बसलेला माणूस उभा राहिला की वजनाचा मध्य वर सरकतो. सहा जण एकदम उठून फोटोसाठी एका बाजूला गेले तर वजन वरही सरकतं आणि बाजूलाही. नागपूरजवळचा वेणा जलाशय काही समुद्र नाही. तरी जुलै २०१७ मध्ये तिथे नाव उलटून तरुण मुलं बुडाली.

किती माणसं बसवायची याचा अमेरिकेत वापरला जाणारा एक ढोबळ नियम आहे: लांबी आणि रुंदी फुटांत मोजा, गुणा, १५ ने भागा. १६ फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद बोटीचं उत्तर ६.९ येतं, म्हणजे ६ माणसं. हा नियम २० फुटांपर्यंतच्या बोटींसाठी आहे, आणि तोही शांत पाण्यात, साधारण ६८ किलोंच्या माणसासाठी. आमचा सल्ला, त्यातून एक-दोन माणसं आणखी वजा करा. बोटीवर उत्पादकाची क्षमतेची पाटी असेल तर तीच अंतिम समजा. पाटीच नसेल तर विकणाऱ्याला तिथल्या तिथे विचारा, का नाही?

खरेदीआधी एक चाचणी करून घ्याच. बोट पाण्यात उभी ठेवून, लाइफ जॅकेट घालून, जितकी माणसं नेणार आहात तितकी एका बाजूला बसवा आणि खालच्या बाजूचा काठ पाण्यापासून किती वर उरतो ते बघा. वीतभरसुद्धा उरत नसेल तर ती बोट तुमच्या कुटुंबासाठी नाही, मग ती कितीही फुटांची असो.

आपल्याकडे लाटा येतात तरी केवढ्या?

लाट केवढी होणार हे वाऱ्याचा वेग आणि वाऱ्याला मोकळं पाणी किती लांब मिळतं यावर ठरतं. ताशी ५० किलोमीटरचा वारा, म्हणजे आपल्याकडच्या अवकाळी वादळात सहज येणारा, एक किलोमीटर पाण्यावरून गेला तर लाट साधारण २० ते २५ सेंटीमीटरची होते. पाच किलोमीटर मोकळं पाणी मिळालं तर अर्धा मीटर, दहा मिळालं तर पाऊण मीटरच्या जवळ.

अर्धा मीटर ऐकायला किरकोळ वाटतो. पण या लाटा समुद्राच्या लाटांसारख्या लांबट नसतात. अडीच-तीन सेकंदांना एक आणि एकीपासून दुसरी जेमतेम १० मीटरवर, अशा त्या आखूड आणि उभ्या असतात. पाच मीटरची बोट एका लाटेवरून उतरते न उतरते तोच तिचं नाक पुढच्या लाटेत घुसतं. साडेसात मीटरची बोट अंतर थोडं भरून काढते, वजनाने लाट दाबते, म्हणून तिच्यात धक्के कमी बसतात. इथे मोठी बोट निर्विवाद जिंकते.

आता आपलं पाणी पाहा. शहरातले तलाव आणि रामटेकजवळचं खिंडसी यांत सरळ लांब मोकळं पाणी मर्यादित आहे. गोसीखुर्दचा फुगवटा मात्र लांब पसरलेला आहे, आणि वारा नदीच्या दिशेने वाहायला लागला की तिथे लाट चांगलीच उठते. म्हणजे खिंडसीसारख्या पाण्यावर मोठ्या बोटीचा हा फायदा तुम्हाला क्वचितच वापरायला मिळेल, गोसीखुर्दला तो मिळू शकतो.

"म्हणजे मोठीच जास्त सुरक्षित, असंच ना?"

लाटांमध्ये हो. पण या प्रश्नाच्या पोटात दोन गोष्टी राहून जातात.

एक, पाण्याने भरल्यावर काय होतं? बऱ्याच चांगल्या छोट्या बोटींत तळाखाली आणि बाकांखाली फोम भरलेला असतो. बोट काठोकाठ पाण्याने भरली तरी बुडत नाही, माणसं तिला धरून राहू शकतात. अमेरिकेच्या नियमांत २० फुटांखालच्या बोटींना ही सोय सक्तीची आहे. त्याहून मोठ्या बोटींना नाही. त्यामुळे मोठी बोट पाण्याने भरली की थेट तळाला जाण्याची शक्यता राहते. छोटी घ्या की मोठी, "भरल्यावर तरंगते का?" हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

दोन, मोठ्या बोटीने येणारा फाजील विश्वास. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. विदर्भातली एप्रिल-मेची वादळंही अशीच, बहुधा दुपारनंतर, फारशी सूचना न देता येतात, आणि उघड्या पाण्यावर विजेसाठी सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. त्या दोन महिन्यांत दुपारी बारा-एकच्या आत काठाला लागायचं, आणि नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राने विजांचा इशारा दिला असेल तर निघायचंच नाही. हा नियम १६ फुटीला आहे तसाच २४ फुटीलाही आहे.

जाता जाता: इंजिनजवळ लाल दोरी लोंबत असते, तिला किल स्विच म्हणतात. ती चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची असते. माणूस पाण्यात पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. आपल्याकडे ती बहुतेक वेळा इंजिनलाच गुंडाळून ठेवलेली दिसते. मग ती असून नसून सारखीच.

इंजिन किती ताकदीचं, आणि पेट्रोल किती पिणार?

हळू चालणारी बोट पाणी बाजूला सारत जाते. या पद्धतीत तिच्या लांबीनुसार वेगाला मर्यादा पडते: १६ फुटीला ताशी सुमारे १०, २४ फुटीला सुमारे १२ किलोमीटर. त्याहून वेगात जायचं तर बोटीला स्वतःच्या लाटेवर चढून पाण्यावरून सरकावं लागतं. याला प्लेनिंग म्हणतात, आणि खरी ताकद लागते ती इथे.

ढोबळ हिशेब असा की माणसांसकट एकूण दर १५ किलोंमागे एक हॉर्सपॉवर असली तर बोट चटकन प्लेनिंगला येते. २० किलोंच्या पुढे गेलं की रडतखडत येते. १६ फुटी बोट चार माणसांसह ९०० किलोंच्या आसपास जाते, म्हणजे ६० हॉर्सपॉवर हवी. ४० चं इंजिन दोघा-तिघांना चालेल. २४ फुटी आठ माणसांसह अडीच टनांची होते, तिला १५० ते २०० लागते.

पूर्ण वेगात पेट्रोल इंजिन तासाला दर तीन हॉर्सपॉवरमागे साधारण एक लिटर पितं. ६० ला २० लिटर, १५० ला ५०. निवांत वेगात याच्या निम्मं धरा. रविवारी तीन तास इंजिन चालवलं तर छोटीत ३० लिटर जातील, मोठीत ७५ च्या पुढे. पेट्रोल लिटरला शंभरावर आहे, बाकीचा हिशेब तुम्ही करा. पाण्यावर पंप नसतो, म्हणून एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश राखीव, हे प्रमाण मोडू नका.

नागपूरचा एक खास मुद्दा. शहर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून थोडं उंच, आणि मे महिन्यात पारा ४५ ला. विरळ आणि तापलेल्या हवेत इंजिनची ताकद सुमारे दहा टक्क्यांनी घटते. मुंबईच्या डीलरने तिथल्या हवेत बसवून दिलेला पंखा, म्हणजे पाण्यात फिरून बोट ढकलणारा प्रोपेलर, इथे जड पडू शकतो. तपासायला सोपं आहे: नेहमीची माणसं घेऊन पूर्ण थ्रॉटल द्या आणि इंजिनचे मिनिटाला किती फेरे होतात ते बघा. बहुतेक चार-स्ट्रोक आउटबोर्डना ५००० ते ६००० फेरे अपेक्षित असतात, नक्की आकडा इंजिनच्या पुस्तकात मिळेल. त्याखाली अडकत असेल तर पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जितकं पुढे सरकायला हवा ते अंतर, कमी करा. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात.

दुसरा मुद्दा इथेनॉलचा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, तर बहुतेक आउटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपर्यंतचंच पेट्रोल वापरायला सांगतात. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. ओलावा फार झाला की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिन नेमकं तळातूनच ओढतं. छोट्या बोटीची २५ लिटरची टाकी उचलून घरी आणता येते, उरलेलं पेट्रोल कारमध्ये ओतून टाकता येतं (ऑइल मिसळलेलं टू-स्ट्रोकचं पेट्रोल मात्र नाही). मोठीच्या तळाखालची २०० लिटरची टाकी जून ते सप्टेंबर तशीच पडून राहते. दसऱ्याला इंजिन फटफट करून बंद पडलं की मेकॅनिक आधी कार्बोरेटर किंवा इंजेक्टर उघडतो. दोष बहुधा टाकीत असतो. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवून घ्या, आणि वापरायच्या पेट्रोलबद्दल डीलरकडून लेखी उत्तर घ्या.

आणि खरंच फक्त संध्याकाळी संथ फेरफटका मारायचा असेल, तर हे सगळं सोडा. १६ फुटी बोटीला ताशी ८ किलोमीटरने न्यायला १० ते १५ हॉर्सपॉवर पुरते.

धरणावर उतरवणार कुठून?

नागपूरकरांचे मोठ्या बोटीचे मनसुबे बहुधा इथेच रुततात, अगदी शब्दशः.

बोट ट्रेलरवरून पाण्यात सोडायला काँक्रीटचा उतार लागतो, दर १०० फुटांना १२ ते १५ फूट खाली जाणारा. आपल्या धरणांवर असा उतार क्वचितच सापडतो. दगडी पायऱ्यांचे घाट असतात, नाहीतर मोकळा काठ. हा काठ ऑक्टोबरात गवताळ, फेब्रुवारीत गाळाचा आणि मे महिन्यात भेगाळलेला. पाणी मागे सरकलं की गाळपेर सुरू होते, म्हणजे कालचा काठ आज कोणाचंतरी शेत असतं. आणि माती काळी. ती कोरडी असताना दगड, ओली असताना साबण. ७५० किलोंचा ट्रेलर रुतला तर चार माणसं, दोन फळ्या आणि दोर यांनी निघतो. अडीच टनांचा रुतला की ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि कधीकधी दुसरा ट्रॅक्टर पहिल्याला काढायला.

उतरवायची रीत दोन्हींना एकच. रामटेकपर्यंत पन्नासएक किलोमीटर ओढून आणल्यावर ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग तापलेले असतात. तसेच थंड पाण्यात बुडवले तर आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते, मग महिन्याभरात गंज. म्हणून आधी १५-२० मिनिटं थांबा. तेवढ्यात मागच्या फळीचा बुडाशी असलेला निचऱ्याचा बूच लावला आहे का ते हाताने चाचपून बघा; तो विसरणं ही जगातली सगळ्यात सामान्य चूक आहे. मागचे पट्टे सोडा, पुढचा दोर ठेवा, इंजिन वर उचला, मग मागे घ्या. पाण्यात गेल्यावर इंजिन खाली करून सुरू करा आणि मागून पिचकारीसारखी धार येते का बघा. ती थंड करणाऱ्या पाण्याची धार. गाळात हे पाणी आत घेणारी जाळी तुंबते. धार नसेल तर लगेच बंद करा. हे पाणी खेचणारा आतला रबरी पंखा कोरडा चालला तर थोड्याच वेळात खराब होतो. एरवीही तो वर्षाला किंवा १०० तासांना बदलायचा असतो.

ओढणाऱ्या गाडीचं म्हणाल तर तिच्या पुस्तकात ओढण्याची मर्यादा दिलेली असते. ब्रेक नसलेल्या ट्रेलरची वेगळी आणि बरीच कमी. शोरूममधल्या माणसाच्या "आरामात ओढेल"पेक्षा त्या पानावर विश्वास ठेवा. मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही वाहनच धरला जातो, म्हणून त्याची आरटीओकडे नोंदणी लागते. रस्त्यावर वाहनाच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे, आणि २४ फुटी बोटी साधारण त्याच रुंदीच्या असतात. मनसरच्या वळणावर हे आठवेल.

पाण्याखालचंही पाहा. गोसीखुर्दच्या पाण्यात गावं आणि झाडं गेली आहेत. पातळी उतरली की बुंधे पृष्ठभागाच्या जवळ येतात. छोटी बोट इंजिन खाली असताना अर्धा-पाऊण मीटर पाणी मागते, मोठी पाऊण ते एक मीटर. जलपर्णी आणि मासेमारीची जाळी दोघींच्या पंख्यात अडकतात, पण छोटीचं इंजिन वर उचलून हाताने सोडवता येतं. जाळ्याचा नायलॉन धागा पंख्याच्या दांड्यावर गुंडाळला गेला तर तिथलं सील कापतो आणि गिअरच्या ऑइलमध्ये पाणी शिरतं. ते जाळं कोणाचंतरी पोट असतं, तेव्हा खुणेचे फुगे दिसले की लांबून जा.

घरी ठेवायला जागा?

१६ फुटी बोट ट्रेलरसकट सहा-साडेसहा मीटर लांब, २४ फुटी साडेआठ-नऊ मीटर. फ्लॅटच्या पाच मीटरच्या पार्किंगमध्ये दोन्ही मावत नाहीत. बेसा-बेलतरोडीकडच्या ३० बाय ५० च्या प्लॉटवर स्वतःचं घर असेल तर छोटी बाजूच्या मोकळ्या पट्टीत बसेलही. मोठीला फार्महाऊस किंवा भाड्याचं शेड हवं, आणि छप्पर हवंच. इथल्या उन्हात फायबरची चकाकी दोन उन्हाळ्यांत खडूसारखी होते.

परवानगी आणि कर

१९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आहे. इंजिनवर चालणाऱ्या बोटीला नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र आणि विमा लागतो. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. शिवाय ज्याचं पाणी त्याची परवानगी: धरण असेल तर जलसंपदा विभाग, शहरातला तलाव असेल तर त्याची मालकी ज्याच्याकडे ती संस्था. तोतलाडोह व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे आपली बोट नेण्याचं मनातही आणू नका. नवेगाव खैरीचं पाणी नागपूर पितं. कोणत्या पाण्यावर परवानगी मिळते हे आधी, बोट नंतर.

सप्टेंबर २०२५ पासून हौशी बोटींवर जीएसटी ४० टक्के आहे. समजा १० लाखांची बोट असेल तर कर ४ लाख, ४० लाखांची असेल तर १६ लाख. नुसत्या कराच्या फरकात एक छोटी बोट येते.

मग मोठी घ्यावी तरी कोणी?

गोसीखुर्दच्या काठावर ज्याची जागा आहे, बोट पाण्यातच बांधून ठेवायची परवानगी आहे, आणि नेहमी आठ-दहा माणसं नेतो त्याने. घरात वृद्ध असतील, त्यांना सावली आणि टेकायला पाठ लागत असेल, तर छतही गरजेचं आहे. मोठ्यातही निवांत फिरायचं असेल तर दोन नळ्यांवर सपाट फळी असलेलं पोंटून बघा. ते रुंद, न डुलणारं आणि कमी ताकदीत चालणारं असतं, फक्त वारा सुटला की त्याला आधी काठ गाठावा लागतो. "आत्ता छोटी घेऊ, हात बसला की मोठी" हा विचारही चुकीचा नाही. १६ फुटी पटकन विकली जाते. नागपुरात २४ फुटीला गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं.

"पण जुनी मोठी, नव्या छोटीच्या भावात मिळतेय!"

मिळते, आणि बहुधा किनाऱ्यावरून येते. जायच्या आधी लाकडी हातोडा आणि पाना सोबत घ्या. ज्या मागच्या फळीवर इंजिन टांगलं आहे ती ठोकत जा: टणटणीत आवाज म्हणजे ठीक, भद्द आवाज म्हणजे आतलं प्लायवूड कुजलेलं. ते बदलायचं म्हणजे अर्धी बोट उघडायची. डेकवर टाचेने दाब देत चाला, कुठे मऊ लागतं का बघा. गिअरच्या ऑइलचा खालचा स्क्रू सैल करा. दुधट ऑइल आलं तर सील गेलंय. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या, त्यांच्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. इंजिनवर पांढरे खारट डाग दिसत असतील तर थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटा आतून मिठाने अरुंद झालेल्या असू शकतात, म्हणून अर्धा तास भाराखाली चालवून तापमान बघा.

इंजिन बोटीच्या आत असेल तर सुरू करण्याआधी आतला हवा खेचणारा पंखा किमान चार मिनिटं चालवायचा असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. हा पंखा बंद असलेली बोट बघायलासुद्धा सुरू करू देऊ नका.

शेवटी वाकून इंजिनच्या खालच्या भागातला राखाडी धातूचा तुकडा बघा. बाकीच्या भागांऐवजी स्वतः झिजण्यासाठी तो बसवलेला असतो. समुद्रात तो जस्ताचा असतो. गोड्या पाण्यात जस्तावर थर बसतो आणि तो काम करणं सोडतो, म्हणून विदर्भात आणल्यावर मॅग्नेशियमचा बसवून घ्या. दोन-चार स्क्रूंचं काम आहे, आणि तो तुकडा न बदलता दोन हंगाम काढले तर झिजतं ते इंजिनचं अ‍ॅल्युमिनियम.